एका खोलीतलं बालमंदिर

घरीच मॉन्टेसरी पद्धतीनं शिकवायचं ठरलं की बहुतेक आईबाप आधी खरेदीला लागतात. गुलाबी मनोरा, दट्ट्यांच्या पेट्या, पॉलिश पेपरची अक्षरं, सोनेरी मणी यांची यादी होते, किमती पाहिल्या जातात आणि निम्मी घरं तिथेच हात टेकतात. सुरतेत लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबं राहतात. त्यांतल्या अनेकांचं घर म्हणजे एक खोली, माळा आणि मोरी. एका भिंतीला कॉट, दुसरीला कपाट, कोपऱ्यात शिलाई मशीन. गुलाबी मनोरा विकत घेतला तरी ठेवायचा कुठे, हा प्रश्न उरतोच.

म्हणून या प्रकरणात सांगायची गोष्ट आधीच सांगून टाकतो. पहिला महिनाभर काही विकत घेऊ नका. मॉन्टेसरीबाईंची पद्धत सामानाच्या दुकानात जन्मली नाही, ती मजुरांच्या चाळीत जन्मली. तिचं आपल्याकडचं रूपही गरिबांच्या अंगणातच वाढलं, आणि ते वाढवणाऱ्या दोन बायका मराठी होत्या.

६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेंझो वस्तीत पहिलं ‘बालकांचं घर’ उघडलं, तेव्हा मारिया मॉन्टेसरी छत्तीस वर्षांच्या होत्या. वस्ती कामगारांची. आईबाप दोघंही दिवसभर कामावर, मोठी भावंडं शाळेत आणि शाळेचं वय न झालेली मुलं जिन्यात हुंदडणारी. ती भिंती खराब करतात, म्हणून इमारतीची डागडुजी करणाऱ्या संस्थेनं त्यांना सांभाळायला एक खोली दिली. शिकवण्याचा मोठा संकल्प कुणाचाच नव्हता. लूमवर बारा तासांची पाळी करणारा बाप आणि साड्यांचं काम घरी आणणारी आई, हे चित्र ज्याच्या घरात रोज आहे त्याला ती खोली परकी वाटणार नाही.

त्या खोलीत बाईंनी पाहिलेला एक प्रसंग त्यांनी पुढे आयुष्यभर सांगितला. तीनेक वर्षांची एक मुलगी लाकडी दट्टे त्यांच्या भोकांत बसवत होती. सगळे बसवायची, काढायची, पुन्हा बसवायची. बाईंनी इतर मुलांना तिच्याभोवती गाणी म्हणायला लावली. तिचं लक्ष हललं नाही. मग ती बसली होती त्या खुर्चीसकट तिला उचलून टेबलावर ठेवलं. तिनं दट्टे मांडीवर सावरले आणि काम चालू ठेवलं. चाळीसहून अधिक वेळा तेच करून झाल्यावर ती थांबली, झोपेतून ताजी होऊन उठावी तशी आनंदी दिसली आणि इकडेतिकडे बघू लागली. तीन वर्षांचं मूल चंचल असतं, हा आपला पक्का समज असतो. तो समज चुकीचा आहे. मनाजोगं काम मिळालं आणि मध्ये कुणी बोललं नाही, तर ते मूल आपल्यापेक्षा जास्त वेळ एका जागी बसतं. सगळी पद्धत या एका निरीक्षणावर उभी आहे.

गुजरातेत ही पद्धत फार लवकर आली. खेडा जिल्ह्यातल्या वसो गावी दरबार गोपाळदास देसाई यांनी १९१५ साली मॉन्टेसरी शाळा काढली. पुढे या पद्धतीनं दोन वाटा धरल्या. एक अहमदाबादच्या साराभाईंची. अंबालाल आणि सरलादेवी साराभाईंनी आपल्या आठ मुलांसाठी शाहीबागेतल्या ‘रिट्रीट’ या राहत्या बंगल्यातच शाळा उभी केली. परदेशातून शिक्षक आणले, बाग दिली, कारखान्यासारखी कार्यशाळा दिली. विक्रम साराभाई याच घरशाळेत वाढले. घरी शिकवण्याचं भारतातलं इतकं नावाजलेलं उदाहरण दुसरं सापडणं कठीण. पण ते करायला गिरणीमालकाची श्रीमंती लागते.

दुसरी वाट भावनगरची. गिजुभाई बधेका हे वकील. १९१३ साली मुलगा झाला आणि याला वाढवायचं कसं, या काळजीपोटी त्यांनी मॉन्टेसरीबाईंचं लेखन वाचायला घेतलं. हा बापच शेवटी वकिली सोडून भावनगरच्या दक्षिणामूर्ती या शिक्षणसंस्थेत गेला आणि १९२० साली तिथे त्यांचं बालमंदिर सुरू झालं. म्हणजे सुरुवात घरातल्या एका मुलापासूनच. लोक गिजुभाईंना ‘मूछाळी मा’, मिशीवाली आई, म्हणत. आज सुरतेच्या हिऱ्याच्या कारखान्यांत बसणारे कितीतरी कारागीर भावनगर-अमरेलीकडचेच असतात. शेजारी एखादे सौराष्ट्रातले काका असतील तर गिजुभाईंचं नाव काढून बघा.

१९२३ साली या बालमंदिरात ताराबाई मोडक आल्या. मुंबईत जन्मलेल्या, पदवीधर, राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्रमुखपदावरून आलेल्या आणि एका लहान मुलीची आई असलेल्या. मुलीला कुठे शिकवावं, हा त्यांचाही प्रश्न होता. गिजुभाईंबरोबर त्यांनी ‘शिक्षण पत्रिका’ चालवली, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा केला आणि १९३६ला दादरला शिशुविहार सुरू केलं. पण त्यांचं सगळ्यात मोठं काम त्यानंतरचं. १९४५ साली वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्या बोर्डीला गेल्या. सुरत-मुंबई लोहमार्गावर उंबरगावनंतर घोलवड लागतं, तिथून बोर्डी जवळच. सोबत अनुताई वाघ होत्या. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं.

बोर्डी-कोसबाडला त्यांच्यासमोर वारली पाड्यांवरची मुलं होती. बालवाडी काढली तर मुलं येईनात. कुणी धाकट्याला कडेवर घेऊन हिंडतंय, कुणी गुरांमागे. तेव्हा मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाकडे नेऊ, असं ठरवून या दोघींनी पाड्यावरच्या अंगणात बालवाडी भरवली. तीच अंगणवाडी. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा केली. महागड्या साधनांच्या जागी शंख, शिंपले, बिया, पानं, खडे आले. १९७५ साली केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. आज आपल्याला तो सरकारी वाटतो. मुळात तो घराच्या दारातल्या शिक्षणाचा शब्द आहे. लिंबायतच्या खोलीत मुलाला शिकवणाऱ्या आईची परंपरा साराभाईंकडे जात नाही, ती ताराबाई आणि अनुताईंकडे जाते.

आता खोलीत येऊ.

पहिलं काम उंचीचं. घरातली प्रत्येक वस्तू मोठ्यांच्या हाताच्या उंचीवर असते, आणि म्हणून मूल दिवसभर मागत राहतं. पाणी दे, टॉवेल दे, चप्पल काढून दे. मांडणीची सगळ्यात खालची फळी मुलाच्या नावानं मोकळी करा. तिथे त्याचा पेला, ताटली, छोटा तांब्या आणि पुसायचं फडकं ठेवा. माठाखाली भरभक्कम पाट ठेवा. दाराजवळ त्याच्या खांद्याएवढ्या उंचीवर दोन खिळे ठोका, एक पिशवीला, एक टॉवेलला. एवढं केलं की दिवसातल्या बऱ्याच मागण्या आपोआप थांबतात. खेळण्यांचा डबा माळ्यावर टाका आणि पाच-सहा वस्तूच खाली ठेवा. प्रत्येकीची जागा ठरलेली हवी. दोन-अडीच वर्षांच्या मुलाला वस्तू जागच्या जागी असण्याची विलक्षण ओढ असते. बाबांची चप्पल आईनं घातली तर रडणारं मूल हट्टी नसतं, त्याचं जग विस्कटलेलं असतं. मॉन्टेसरीबाई याला व्यवस्थेचा संवेदनकाळ म्हणत. तो येतो, काही महिने तीव्र राहतो आणि ओसरतो. त्या काळात मिळालेली शिस्त पुढे ओरडून लावता येत नाही.

दुसरं, कामं. इथे आपलं स्वयंपाकघर कुठल्याही साधनपेटीपेक्षा श्रीमंत आहे. मटार सोलणं, भुईमुगाच्या शेंगा फोडणं, मेथी निवडणं, लसणाच्या पाकळ्या मोकळ्या करणं, रुमालाच्या घड्या घालणं, पोळपाटावर कणकेची गोळी लाटणं. प्रत्येकात बोटांची चिमूट तयार होते, आणि उद्या पेन्सिल त्याच चिमटीत धरायची असते.

पाणी ओतण्याचं काम जरा जवळून पाहू. आईनं छोटा तांब्या अर्धा भरलाय. ताटात दोन पेले. आई आधी स्वतः ओतून दाखवते, अगदी सावकाश, आणि दाखवताना बोलत नाही, कारण मूल एकतर हात बघेल नाहीतर तोंड. मग तांब्या मुलीकडे. तिची जीभ बाहेर आलेली, डावा हात तांब्याच्या बुडाशी. पहिला पेला भरतो, दुसरा भरता भरता वाहतो. कॉटवरून आजी म्हणते, “अगं, सांडलंस ना! दे इकडे, मी भरून देते.” इथेच सगळं ठरतं. आईनं आजीला हळूच सांगावं, “आत्या, राहू द्या. तिलाच पुसू द्या.” मुलगी ताटातल्या पाण्याकडे बघते, फळीवरचं फडकं आणते, पुसते, पिळते आणि तांब्या पुन्हा उचलते. सांडलेलं पाणीच तिला तिची चूक दाखवतं, कुणी दाखवावी लागत नाही. दट्टा चुकीच्या भोकात नीट बसत नाही, त्यातलं तत्त्व हेच. आजीला समजावणं हे मुलीला शिकवण्यापेक्षा अवघड आहे, हे मान्य. पण आजीला कामात घेतलं की तिच्याइतकी चांगली बालशिक्षिका मिळत नाही. निवडणं-टिपणं तिला येतं आणि तिला घाई नसते.

तिसरं, इंद्रियांचं शिक्षण. मॉन्टेसरीबाईंच्या साधनांत कापडांची एक पेटी असते. एकाच कापडाचे दोन-दोन तुकडे आणि डोळे बांधून नुसत्या स्पर्शानं जोड्या लावायच्या. या खेळासाठी सुरतेइतकं सोयीचं शहर कुठलं? जॉर्जेट, शिफॉन, साटन, क्रेप, नेट आणि सुती. तळव्याएवढे दोन-दोन तुकडे कापा आणि बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात ठेवा. सुरुवात अगदी वेगळ्या दोन कापडांनी करा, साटन आणि नेट. नावं शिकवण्याची रीत तीन पायऱ्यांची आहे. फ्रेंच वैद्य एदुआर सेगँ यांच्याकडून बाईंनी ती घेतली. मुलाचं बोट साटनवर फिरवायचं आणि म्हणायचं, “सुळसुळीत.” नेटवर फिरवायचं, “खरखरीत.” बस, जास्त वाक्यं नकोत. मग, “सुळसुळीत कुठलं? दे बरं मला.” हे चार-पाचदा, जागा बदलून. शेवटी एकावर बोट ठेवून, “हे कसं आहे?” उत्तर आलं नाही तर चूक म्हणू नका, डबा मिटा. उद्या पुन्हा पहिल्या पायरीपासून. मधली पायरीच बहुतेक पालक गाळतात आणि थेट परीक्षा घेतात. खरं शिकणं मधल्या पायरीवर होतं, कारण तिथे मूल ओळखतं आणि हलतंही. घरात अहिराणी बोलत असाल तर अहिराणी शब्द सांगा. बारकाव्यांचे शब्द घरच्या भाषेतच आधी यावेत.

रंगांसाठी बाईंची मोठी पेटी नऊ रंगांची, प्रत्येक रंगाच्या सात छटा. शिलाईच्या दुकानात दोऱ्याची रिळं असतात. निळ्याच्या चार-पाच छटांचे दोरे पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर गुंडाळा, गडदपासून फिकटपर्यंत लावायला द्या. साडीबाजारात ज्यांचा जन्म गेला ती माणसं छटा ओळखण्यात वाकबगार असतात. बाबा घरी असताना हा खेळ त्यांच्याकडे द्यावा.

पण इथे एक सीमारेषा ठळकपणे आखली पाहिजे. सुरतेत घरोघरी साड्यांचे धागे कापायचं, लेस लावायचं, स्टोन चिकटवायचं काम येतं. पैसे नगावर मिळतात. चार वर्षांच्या मुलाचे चपळ हात बघून ‘तूही दोन लाव’ म्हणण्याचा मोह होतो आणि हेच मॉन्टेसरी असं समर्थनही सुचतं. ते मॉन्टेसरी नाही. मुलाचं काम त्यानं निवडलेलं असतं, मनात येईल तेव्हा त्याला ते सोडता येतं आणि त्याला नग मोजावे लागत नाहीत. ज्या कामाला गिऱ्हाईक थांबलेलं आहे, ते मुलाच्या हातात देऊ नका. एक नगही नको. स्टोनचा गोंद आणि कात्री त्याच्या फळीपासून लांब ठेवा.

आता बस्तान बसण्याचा काळ. नर्सरीतून काढलेलं किंवा गावाहून नुकतंच आलेलं मूल पहिले काही आठवडे काहीच धरत नाही. एक काम उचलतं, टाकतं, मोबाइल मागतं, चिडतं. आई घाबरते आणि वेळापत्रक लावते. नऊला अक्षरं, दहाला आकडे. लावू नका. त्या काळात घरातली कामं, भरपूर चालणं आणि गोष्टी एवढंच चालू ठेवा. बालकांच्या घरात सकाळचे सलग तीन तास मुलांना मोकळे दिले जात. घरी तीन नाही तर दीड तास द्या, पण तो सलग असावा आणि त्यात तुमचा फोनही बंद असावा. टीव्ही चालू असलेल्या खोलीत एकाग्रता येणार नाही, हे स्पष्टच सांगतो. रात्रपाळीचे बाबा सकाळी झोपलेले असतील तर त्याचाही उपयोग आहे. पावलं न वाजवता चालणं, पाट न आपटता ठेवणं, कुजबुजून बोलणं मुलांना मनापासून आवडतं. मॉन्टेसरीबाईंच्या वर्गात तर शांततेचा खेळच असे. सगळे गप्प बसत आणि लांबून कुजबुजत हाक मारलेलं मूल आवाज न करता उठून येई. झोपलेल्या बाबांसाठी हा खेळ रोज सकाळी खेळता येतो.

एक वही करा. मूल कशापाशी किती वेळ थांबलं, काय पुन्हा पुन्हा केलं, एवढंच दोन ओळींत लिहा. काय आलं नाही, ते लिहू नका. पंधरवड्यानं वही वाचली की पुढे फळीवर काय ठेवायचं ते तीच सांगते.

अक्षरांची घाई सगळ्यांना असते, म्हणून तो विषय मुद्दाम मागे ठेवला. चौथ्या वर्षाच्या आसपास मूल पाट्यांकडे बोट दाखवू लागलं की सुरू करा. पुठ्ठ्यावर पॉलिश पेपर कापून अक्षर चिकटवायचं आणि लिहिण्याच्या दिशेनं दोन बोटं त्यावरून फिरवायची, तोंडानं ध्वनी म्हणायचा. मराठीत वळणानं जवळची अक्षरं घ्यायची रीत आहे, ग, म, भ, न. क, ख, ग अशा वर्णमालेच्या क्रमापेक्षा ती हाताला सोपी. ताटात बारीक रवा पसरून त्यावर बोटानं तेच अक्षर काढू द्या. आपल्या जुन्या धूळपाटीचंच ते काम.

सुरतेत एक अडचण खास इथली. गल्लीतल्या पाट्या गुजराती. ग, म, न, प, त, र ही अक्षरं डोक्यावरची रेघ काढली की गुजरातीत जवळजवळ तशीच दिसतात, पण अ, क, ख, ज, ब वेगळी. मूल अर्धी पाटी वाचतं आणि अडतं. माझं मत असं की स्पर्शानं एकच लिपी शिकवावी, देवनागरी. गुजराती अक्षर मुलानं विचारलं तर सांगावं, मुद्दाम शिकवू नये. पुढे ती यायचीच आहे. २०२३च्या कायद्यानं गुजरातेतल्या शाळांत पहिली ते आठवीपर्यंत गुजराती बंधनकारक झाली आहे. एका लिपीत हात बसला की दुसरी काही महिन्यांत येते. दोन्ही एकदम लादल्या तर एकही गोडीनं येत नाही.

घरच्या शिक्षणात एक गोष्ट खरोखर कमी पडते, ती म्हणजे लहानमोठ्या मुलांची संगत. तीन ते सहा वर्षांची मुलं एकत्र असावीत, हा या पद्धतीचा कणा आहे. धाकटं मोठ्याचं बघून शिकतं, मोठं दाखवताना पक्कं होतं. बंद फ्लॅटमध्ये हे अवघड, गल्लीत सोपं. तीन-चार घरांनी मिळून आठवड्यातले दोन-तीन दिवस एकाच ओट्यावर मुलं आणावीत आणि आयांनी आळीपाळीनं बसावं. बोर्डीची अंगणवाडी याहून फार वेगळी नव्हती. आणि गोष्टी हव्यातच. अगदी लहान मुलांना पऱ्या-राक्षसांच्या कल्पितकथा सांगाव्यात का, याविषयी मॉन्टेसरीबाई साशंक होत्या. गिजुभाईंनी मात्र मनसोक्त गोष्टी सांगितल्या, नाटकं केली, गाणी घेतली. या बाबतीत मी गिजुभाईंच्या बाजूचा आहे. चिऊ-काऊची गोष्ट ज्या घरात नाही, त्या घरातली सगळी साधनं मिळून ती उणीव भरून काढू शकत नाहीत. रविवारी सरथाणा नेचर पार्क किंवा तापीचा काठ. जी नदी भुसावळवरून जाते तीच इथे समुद्राला मिळते, हे मुलाला काठावर उभं करून सांगा.

कायद्याचं थोडक्यात. शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे, त्यामुळे सहाव्या वर्षापर्यंत घरी शिकवायला आडकाठी नाही. २०२३-२४पासून गुजरातेत पहिलीच्या प्रवेशासाठी १ जूनला सहा वर्षं पूर्ण लागतात. त्याआधीच्या वर्षासाठी सरकारी शाळांत बालवाटिका आहे. सुरत महापालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती मराठी माध्यमाच्या शाळाही चालवते. माझा सल्ला असा की सहा पूर्ण झाल्यावर मूल शाळेत घालावं आणि घरची फळी तशीच ठेवावी. त्यापुढे घरीच शिकवणं फार थोड्या घरांना झेपतं.

हे प्रकरण वाचून झाल्यावर बाजारात जाऊ नका. मांडणीची खालची फळी रिकामी करा, त्यावर मुलाचा पेला आणि फडकं ठेवा, आणि उद्या पाणी सांडलं की पाचपर्यंत मनात आकडे मोजून मगच बोला.